तीन बोटे

माझ्या लहानपणी आमच्या घरी खंड्या होता, पण तो कुत्रा होता. महाराष्ट्रात कुत्र्याला हे नाव सर्रास ठेवतात. त्यामुळे खंड्या नावाचा पक्षीही असतो, हे मला शाळेत गेल्यावर कळले. तिसरी-चौथीच्या पुस्तकात त्याचे चित्र होते: निळी पाठ, तांबूस पोट, लांब चोच आणि चोचीत चांदीसारखी मासोळी. ते चित्र माझ्या मनात इतके पक्के बसले, की पुढे चाळीस वर्षे खंड्या म्हणजे तेवढाच एक पक्षी, अशी माझी समजूत राहिली. विहिरीच्या रहाटावर दिसणारा तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा पक्षीही खंड्याच आहे, नदीवर एका जागी पंख फडफडवत थांबून पाण्यात सूर मारणारा काळा-पांढरा पक्षीही त्याच कुळातला आहे, हे कुणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. भारतात खंड्याच्या बारा जाती आढळतात. मला त्यांपैकी एक ठाऊक होती, आणि तीही चित्रातली.

आमचे घर रायगड जिल्ह्यात, माणगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागीलदार. मागीलदारापासून दहा-बारा हातांवर मातीची उभी दरड आहे. आजोबांनी घराला जागा करण्यासाठी डोंगराचा उतार कापला, तेव्हापासूनची ती. दोन पुरुष उंच असेल. वर जांभूळ, ऐन, किंजळ यांची दाट झाडी आहे, आणि दरडीच्या दक्षिण टोकाला एक ओहोळ वाहतो. तो जून ते ऑक्टोबरपर्यंत बोलतो आणि नंतर मुका होतो. मी नोकरीनिमित्त बडोद्यात राहतो. घर सांभाळतात ते थोरले बंधू, वहिनी, आई आणि माझी पुतणी. ती त्या वर्षी बारा वर्षांची होती.

२०२२ च्या जूनमध्ये आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून मी गावी गेलो होतो. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. कोकणातला पहिला मोठा पाऊस ज्यांनी अनुभवला नाही, त्यांना तो शब्दांत सांगणे कठीण. रात्रभर कौलांवर ताशा वाजत होता. आईला रात्री उठावे लागे, म्हणून ओटीवरचा दिवा आम्ही पेटताच ठेवला होता. पहाटे पाऊस जरा थांबला असताना ओटीवर 'टक्' असा आवाज झाला. एखादा खडा काचेवर लागावा तसा. दादाने दोन वर्षांपूर्वी ओटीच्या लाकडी गजांच्या खिडक्या काढून तिथे सरकत्या काचा बसवल्या होत्या. मी दार उघडले, तर काचेखाली ओल्या फरशीवर रंगांचा एक लहानसा गोळा पडला होता.

एवढ्याशा देहात इतके रंग मी कधी पाहिले नव्हते. चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. पोट पिकल्या आंब्याच्या रसासारखे पिवळे-केशरी. पंख गर्द निळे, जवळजवळ काळे. डोक्यावर आणि पाठीखालून शेपटीपर्यंत जांभळट गुलाबी झाक. मानेच्या बाजूला निळा आणि पांढरा असे दोन ठिपके. पक्षी मेलेला नव्हता. डोळे उघडे होते आणि छाती भराभर वरखाली होत होती. मी त्याला ओंजळीत घेतले, तेव्हा वजन असे काही जाणवलेच नाही. लिंबूसुद्धा हाताला यापेक्षा जड लागते.

आई म्हणाली, "अरे, हे कोणाचं पोर? घरट्यातून पडलं का?"

इतक्या लहान पक्ष्याला पिलू समजणे स्वाभाविक होते. पण पिलाचे पंख असे पूर्ण वाढलेले नसतात, एवढे मला समजत होते. चोच पाहून मी खात्रीने सांगितले, "पोर नाही. हा खंड्या."

"खंड्या तर आपला कुत्रा," आई म्हणाली, आणि सगळे हसले.

हसली नाही ती पुतणी. ती माझ्या ओंजळीत वाकून पाहत होती. "काका, याला पुढे दोनच बोटं आहेत," ती म्हणाली. "आणि मागे एक."

"एखादं दुमडलं असेल," मी म्हणालो. "काचेवर आपटलाय. मोडलंही असेल. पक्ष्याला चार बोटं असतात."

हे मी पायाकडे न पाहता म्हणालो, हे आज मला नीट आठवते.

बुटांचा एक रिकामा खोका होता. त्याला भोके पाडून, तळाशी मऊ फडके घालून आम्ही पक्ष्याला आत ठेवले आणि खोका माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेला. आई त्याच्या चोचीत चमच्याने पाणी घालणार होती. वहिनीने तिला अडवले. घाबरलेल्या पक्ष्याच्या घशात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊन तो मरू शकतो, असे तिने कुठेतरी वाचले होते. ते बरोबरच होते. आपटून बधिर झालेल्या पक्ष्याला अंधार, ऊब आणि शांतता एवढेच हवे असते. शेजारचा एक मुलगा मात्र "पिंजऱ्यात ठेवा, शोभून दिसेल" असे सांगून गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला असा पक्षी पकडून ठेवणे हा गुन्हा आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. खरे सांगायचे तर, क्षणभर मलाही तो पिंजरा डोळ्यांसमोर दिसला होता.

तासाभराने खोक्यातून खडखड ऐकू आली. मागीलदारी, झाडांच्या कडेला नेऊन पुतणीने झाकण उघडले. पक्षी एक क्षण बसून राहिला. मग एक बारीक, टोकदार शीळ ऐकू आली आणि केशरी रेघ ओढल्यासारखा तो जमिनीलगत सरळ झाडीत शिरला.

खोक्यात ठेवण्याआधी मी दिव्याच्या उजेडात मोबाईलवर त्याचे दोन फोटो काढले होते. पनवेलजवळ कर्नाळा अभयारण्याच्या परिसरात अनेक वर्षे पक्षी पाहणारे एक गृहस्थ माझ्या मित्राच्या परिचयाचे होते. मी त्यांना फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "आमच्याकडे सापडलेला खंड्या. रंग जरा वेगळे वाटतात."

त्यांचे उत्तर आले, पण त्यात नाव नव्हते. प्रश्न होता. "पायाची बोटे मोजलीत का?"

मी लिहिले, "चार."

पुतणी शेजारी बसली होती. तिने ते वाचले आणि काहीही न बोलता माझ्या हातातला मोबाईल घेऊन दुसरा फोटो मोठा केला. तो अंधुक होता. माझ्या अंगठ्याने एक पाय झाकला होता. पण दुसरा स्पष्ट दिसत होता. पुढे दोन, मागे एक. तेथे काही दुमडलेले नव्हते की मोडलेले नव्हते. मोडायचेच असते, तर दोन्ही पायांचे तेच एक बोट कसे मोडले असते? तिने तर दोन्ही पाय पाहिले होते. मी नुसता पक्षी हातात धरला होता, आणि तो धरून शाळेतले चित्र पाहत होतो.

मी त्या गृहस्थांना दुसरा निरोप पाठवला. "चूक झाली. तीन आहेत. माझ्या पुतणीने मोजली होती, मी मोजली नव्हती."

मग त्यांचा फोन आला. "रंगावरून मला पहिल्यांदाच अंदाज आला होता," ते म्हणाले. "पण ओले पंख आणि पिवळा दिवा रंगाला फसवतात. पाय फसवत नाही. हा तिबोटी खंड्या."

तिठा, तिपाई, तिफण, तसा हा तिबोटी. नावातच खूण सांगून ठेवलेली. खंड्यांना सहसा चार बोटे असतात: तीन पुढे आणि एक मागे. पुढच्यांपैकी दोन बोटे मुळाशी जोडलेली असतात, त्यामुळे घाईत पाहणारा मोजण्यात चुकतो. या छोट्या खंड्याला मात्र पुढे आतल्या बाजूचे बोट नसतेच. आपल्या देशातल्या बारा जातींत असा तीन बोटांचा हा एकटाच. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तो जेमतेम तेरा सेंटीमीटर भरतो, म्हणजे लांब चोच धरूनही चिमणीहून लहान. नेहमीच्या लहान खंड्याची पाठ चकचकीत निळी असते, याची पाठ काळसर आणि खाली जांभळी. आणि मासे पकडणारा म्हणून खंड्याची जी ख्याती, तीही याला फारशी लागू नाही. हा पाण्यापेक्षा दाट झाडीत रमतो. कोळी, नाकतोडे, लहान बेडूक, ओहोळातले खेकडे, पाली आणि सापसुरळ्या हे त्याचे अन्न.

कोकणात तो पावसाबरोबर येतो. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये हे पक्षी विणीसाठी येतात, रात्रीच्या अंधारात प्रवास करतात, आणि उजेड असलेल्या घरांच्या काचांवर आपटतात. पावसाच्या सुरुवातीला घरात, ओटीवर, गच्चीवर तिबोटी खंड्या पडलेला सापडल्याचे अनेकांनी नोंदवले आहे. याचा अर्थ उघड होता. आमच्या दिव्याने आणि दादाच्या नव्या काचांनीच त्याला पाडले होते. दादाने त्याच दिवशी जुन्या साडीच्या पट्ट्या कापून काचांना बाहेरून लावल्या. ओटीची शोभा गेली म्हणून वहिनी चार दिवस कुरकुरत होती.

पुतणीला मी एक गोष्ट सांगितली. १९०८ च्या सुमारास मुंबईतल्या एका लहान मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी त्याला 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणी तर ओळखून दिलीच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. मोठेपणी भारतातील पक्ष्यांची ओळख साऱ्या देशाला करून देणारे. पुतणीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांनी मारला होता. आपला तर उडाला. मग आपण काय दाखवायचं?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून दोनशे पानी वही आणली.

रजा संपवून मी बडोद्याला परतलो आणि त्यानंतरची हकिकत मला त्या वहीतून, म्हणजे दर रविवारी फोनवरून, कळत गेली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिने लिहिले की दरडीच्या दक्षिण टोकाला, जांभळाच्या मुळांखाली, दोन बिळे आहेत. रुंदी दोन बोटे. आई त्यांना उंदराची बिळे म्हणे. पण एका बिळाच्या तोंडाखाली ताजी माती सांडलेली होती आणि एक पक्षी त्यात शिरताना तिने स्वतः पाहिला. तिबोटी खंड्या अशा उभ्या मातीत चोचीने बोगदा खणतो. सुरुवातीला तो मातीवर झेप घेऊन चोच मारतो, आणि आत शिरण्यापुरती जागा झाली की पायांनी माती मागे लोटतो. बोगदा कधी कधी हातभराहून लांब असतो. त्याच्या शेवटी एक लहानशी खोली आणि तिच्यात पांढरी अंडी. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. आमच्या घरामागे हे सगळे पूर्वीपासून होत असले पाहिजे. आम्हाला ते उंदीर वाटत होते.

जुलैच्या शेवटी एका रविवारी फोन आला तो पुतणीचा नव्हे, दादाचा. दरडीच्या वरच्या अंगाला भेग दिसली होती. स्वयंपाकघराच्या बरोबर मागे.

दरडीचे भय काय असते, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. आदल्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, आमच्याच जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर खचला होता आणि ऐंशीच्या वर माणसे गेली होती. दादा तेव्हा मदतीला गेला होता. तिथून आल्यावर दोन दिवस तो जेवला नव्हता. आता त्याने ठरवले होते की उघडीप मिळताच जेसीबी आणायचा, सगळी दरड खरवडून काढायची आणि चिऱ्यांची भिंत बांधायची. गणपती ३१ ऑगस्टला होते. त्या दिवसांत सगळे घरी येतात, मुले मागीलदारी खेळतात. त्याआधी काम झाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

त्याच संध्याकाळी पुतणीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज जड होता. "काका, कालपासून चोचीत सापसुरळी घेऊन आत जातायत. म्हणजे पिल्लं झालीत. बाबांना सांगा ना."

मी दादाला फोन केला. आमच्यात जे बोलणे झाले ते सगळे येथे लिहिण्यासारखे नाही. तिबोटी खंड्या सहजासहजी दिसत नाही, तो रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी म्हणून ओळखला जातो, पुण्या-मुंबईहून लोक तो पाहायला येतात, असे मी सांगू लागलो. दादा शांतपणे ऐकत होता. मग तो म्हणाला, "तू बडोद्यात झोपतोस. इथे पावसाचा आवाज वाढला की मी उठून बॅटरी घेऊन मागे जातो. आई त्याच बाजूला निजते. तू मला पक्ष्याचं नाव सांगितलंस, चांगलं केलंस. आता त्याच्यासाठी आईला किती रात्री तिथे निजवायचं, तेही सांग."

मी गप्प बसलो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पक्ष्याची बाजू मांडणारा मी, पण रात्री जागणारा तो होता. आणि हेही खरे, की महिन्याभरापूर्वी दादाने हीच दरड कापायची म्हटली असती, तर मी फोनवरून "लवकर काप" असेच म्हटले असते. तेव्हा त्या बिळांना नाव नव्हते.

गुंता सोडवला तो गवंडीमिस्त्रीने. भिंतीचे माप घ्यायला तो आला, वर चढून भेग पाहून आला, आणि म्हणाला की जेसीबी आता आणणे हाच धोका आहे. "ओल्या दरडीचा पाय कापायचा नसतो. पाय कापला की अंग खाली येतं." पावसाचे पाणी मातीत मुरते, माती जड होते आणि तिची पकड सुटते, अशा वेळी खालचा आधार काढून घेणे म्हणजे आपणच दरड बोलावणे. त्याचा सल्ला असा, की आधी वर, भेगेच्याही मागे, हाताने चर खणून डोंगरावरून येणारे पाणी बाजूला ओहोळाकडे वळवावे, भेग चिकणमातीने बुजवून तिच्यावर प्लास्टिक अंथरावे, आणि भिंत पाऊस गेल्यावर बांधावी. बिळांबद्दल दादाने मुद्दाम विचारले. मिस्त्री हसला. "दोन बोटांच्या बिळानं दरड येत नाही. भिंतीला तर मीच भोकं ठेवणार आहे, पाणी निघायला."

दादाने गावातली चार माणसे लावून दोन दिवसांत चर खणला. आईचे अंथरूण माजघरातून पुढच्या खोलीत हलवले. ती कुरकुरली, कारण त्या खोलीत तिला देव दिसत नाहीत.

या काळात आणखी एक प्रश्न उभा राहिला. पुतणीने शाळेत सांगितले, शाळेतून गावात गेले, आणि एके दिवशी मोठ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन तीन अनोळखी तरुण अंगणात आले. पैसेही देऊ करत होते. कर्नाळ्याच्या त्या गृहस्थांनी आम्हाला आधीच सावध केले होते. माणसे बिळासमोर ठाण मांडून बसली की खंड्या चोचीत भक्ष्य धरून दूर फांदीवर तासन्‌तास थांबतो. आत पिले उपाशी राहतात. वहिनीने त्या तरुणांना चहा दिला आणि परत पाठवले. खुद्द पुतणीचीही बसण्याची जागा स्वयंपाकघराच्या खिडकीआड होती, आणि तिथूनही ती अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नसे. तिच्या वहीतली एक नोंद मला फार आवडते: "आज खेकडा. फांदीवर सात वेळा आपटला. मग नांग्या तुटल्या. मग आत नेला."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री फार मोठा पाऊस झाला. पहाटे दरडीचा उत्तरेकडचा भाग सुटला. माती स्वयंपाकघराच्या पायरीला येऊन टेकली. आतली माणसे सुखरूप होती. मधला भागही थोडा घसरला आणि त्याखाली दोन बिळांपैकी एक गाडले गेले. जांभळाखालचे दुसरे उघडे राहिले. दादाने फोनवर फक्त इतकेच सांगितले की आई पुढच्या खोलीत होती. पुतणीने वहीत लिहिले, "वरचे बीळ गेले. त्यात कुणी होते की नाही ते कळले नाही. त्यात शिरताना मी कुणाला पाहिले नव्हते." हे शेवटचे वाक्य तिने नंतर, वेगळ्या शाईने लिहिलेले आहे.

त्या रात्रीचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चर नसता तर किती माती आली असती, आणि जेसीबी जुलैतच आला असता तर काय झाले असते, याची दोन्ही उत्तरे मिस्त्री आमच्या बाजूने देतो. मला ती पटतातही. तरीही पायरीला टेकलेल्या त्या मातीचा फोटो मी पुसलेला नाही.

चार-पाच दिवसांनी दोन पिले जांभळाच्या खालच्या फांदीवर एकमेकांना चिकटून बसलेली पुतणीला दिसली. रंग अजून चढलेला नव्हता, चोचीही फिक्या होत्या. दुपारपर्यंत ती तिथे होती. संध्याकाळी नव्हती. मी गणपतीला पोहोचलो तेव्हा बिळात काहीच नव्हते. बिळाच्या तोंडाशी कुजका वास येत होता आणि मुंग्यांची रांग लागली होती. इतक्या देखण्या पक्ष्याचे घर इतके घाण असते, याची मला कल्पना नव्हती. अंधारातल्या त्या खोलीत पिलांची विष्ठा आणि भक्ष्याचे अवशेष साठत जातात. पुतणीने हेही लिहून ठेवले होते.

भिंत डिसेंबरात झाली. चिरे गावाजवळच्या खाणीतले, मध्ये मध्ये पाणी निघायला नळ्या बसवलेल्या. मी नाताळच्या सुटीत गेलो तेव्हा पाहिले, तर स्वयंपाकघरामागून निघालेली भिंत जांभळाच्या अलीकडे दहा-बारा हातांवर थांबली होती. पुढे आपली जुनीच मातीची दरड, जशीच्या तशी.

"इथवरच का थांबलास?" मी विचारले.

"चिरे संपले," दादा म्हणाला.

विहिरीजवळ चिऱ्यांची एक नीट रचलेली चळत उभी होती. शंभरेक तरी असतील. मी त्या चळतीकडे पाहिले, दादानेही पाहिले, आणि मग आम्ही चहा प्यायला आत गेलो.

२०२३ च्या जूनमध्ये पाऊस उशिरा आला. महिन्याच्या अखेरीस एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना पुतणीचा फोन आला.

"काका, आला."

"तोच का ग? मागच्या वर्षी तू सोडलास तो?"

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मागे पावसाचा आवाज येत होता.

"ते कसं सांगणार?" ती म्हणाली. "त्याला काही खूण नव्हती. बोटं पण मोजता आली नाहीत, पानाआड होता. चोच लाल, पोट पिवळं, चिमणीपेक्षा लहान, एवढं लिहिलंय. नाव अजून लिहिलं नाही."